देवीनं गूळ मागितला

खरं सांगायचं तर देवाधर्माच्या बाबतीत मी पहिल्यापासून काठावरचा माणूस. बायको आरतीला उभी राहिली की मी मागे टाळ्या वाजवायचो, पण लक्ष सगळं घड्याळाकडे. कोराडीच्या वीज केंद्रात माझी सव्वीस वर्षं कंट्रोल रूममध्ये गेली. तिथं समोर नुसते काटे आणि दिवे. काटा जे दाखवेल तेच खरं. अशा माणसाला कुणी "श्रद्धा ठेवा" म्हटलं की तो विचारणार, "रीडिंग किती?" तरीही गेल्या अष्टमीला माझ्या बाबतीत जे घडलं ते कॉलनीतले लोक अजून तिखटमीठ लावून एकमेकांना सांगतात. त्यापेक्षा मीच एकदा जसंच्या तसं सांगून टाकलेलं बरं.

मला एकोणिसाव्या वर्षापासून टाइप वनचा मधुमेह आहे. म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतच नाही. ते रोज चार वेळा टोचून घ्यायचं, हिशेबानं जेवायचं आणि चूक झाली की भोगायचं. लोकांना हे पटत नाही. "लहानपणी गंज गोड खाल्लं असन बाप्पा, डबेच्या डबे!" असं म्हणून ते मोकळे होतात. मला त्याचं काही नाही. इतकी वर्षं या आजाराशी माझं बरं चाललं होतं. पण त्या अष्टमीच्या दोन वर्षं आधी, उन्हाळ्यात, झोपेतच माझी शुगर खाली गेली. अंग घामानं निथळलं, आणि मी उठून बसून बायकोला, सुनंदाला, "साहेब, तीन नंबरचा पंप बंद करू काय?" असं अगदी अदबीनं विचारलं. तिला आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग तिनं माझा चेहरा पाहिला आणि धावत जाऊन साखरेचा डबाच आणला. वाचलो. पण त्या दिवसापासून झोपेनं माझ्याशी कट्टी केली. डोळा लागला की वाटायचं, आता पुन्हा खाली गेली आणि जागच आली नाही तर?

मग मी झोपेचा बंदोबस्त सुरू केला. बारा, दोन आणि चारला गजर. दर वेळी बोटाला टोचून शुगर बघायची, आणि चांगली असली तरी भीतीपोटी दोन बिस्किटं खायची. सकाळी शुगर तीनशेच्या घरात. डॉक्टर चिडले आणि त्यांनी दंडावर चिकटवायचा सेन्सर दिला. शुगर कमी झाली की तो मोबाइलवर बोंब मारतो. मला वाटलं, सुटलो. कुठलं काय! सेन्सर डाव्या दंडावर, आणि मी लहानपणापासून डाव्या कुशीवर झोपणारा. दंड दाबला गेला की त्या यंत्राला उगीचच वाटायचं शुगर उतरली. ते ओरडायचं, मी दचकून गूळ खायचो, मग तासाभरानं शुगर वाढली म्हणून ते वेगळ्या सुरात ओरडायचं. डॉक्टर म्हणाले, त्या कुशीवर झोपू नका. मी पाठीमागे उशा लावल्या, लोड लावला, एकदा तर बनियनच्या डाव्या बाजूला कंगवा शिवून घेतला. झोपेत माणूस कुणाच्या बापाचं ऐकतो? वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा काळजीनं विचारलं, "भाऊजी, तुमच्याकडे रोज रात्री अॅम्ब्युलन्स येते काय?"

आणि या सगळ्या गोंधळात सुनंदा शेजारच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून ढिम्म पडलेली असायची. हलायची नाही, हूं की चूं नाही. मला संताप यायचा. एका सकाळी मी बोलूनच गेलो, "तुले कायची फिकीर आहे? उद्या मी गेलो तर तुले चहाच्या वेळीच कळन!" ती पांघरुणाच्या घड्या करत राहिली. मला तर वाटलं, बरोबर जागी लागलं.

पुढे पुढे माझी अशी गत झाली की ड्यूटीवर पॅनेलसमोर पापण्या जड व्हायला लागल्या. एकदा मान खाली गेली आणि सोबतच्यानं कोपर मारून जागं केलं. त्याच दिवशी मी साहेबांकडे गेलो आणि मला टेबलाचं काम द्या म्हणून सांगितलं. काट्यांसमोर झोपाळू माणूस बसवणं म्हणजे गावाशी खेळ. पण ज्या खुर्चीवर सव्वीस वर्षं बसलो ती सोडताना मी तिची पाठ रुमालानं दोनदा पुसली. घरी येऊन सांगितलं तर सुनंदा म्हणाली, "आता ते तुमचं काटे पाहणं पुरं झालं. मी देवीले बोलली आहो. तुम्हाले एक झोप नीट लागू दे, अष्टमीले जोडीनं नैवेद्य घेऊन येतो." मी म्हटलं, "झोप लागली की मग जाऊ." ती म्हणाली, "उधारीचं नाही जमत. आधी चला."

कॉलनीच्या मागे कडुनिंबाखाली देवीचं लहानसं देऊळ आहे. अष्टमीला तिथं सगळी कॉलनी लोटते, दुपारी महाप्रसादाची पंगत बसते. मी पोटापुरती तयारी करून गेलो होतो: कापडी पिशवीत इन्सुलिनचं पेन, शुगर बघायचं मशीन, बिस्किटांचा पुडा. देवळाच्या पायरीवर सुनंदानं पिशवी बघितली. पुडा फोडलेला, त्यातली दोन बिस्किटं मी रस्त्यातच खाल्लेली. "अहो, हे उष्टं घेऊन नैवेद्याजवळ चालले काय तुम्ही?" तिनं पिशवी काढून घेतली. तेवढ्यात माझा मोबाइल बोंबलला. गर्दीत कुणी तरी माझ्या दंडाला टेकून उभं होतं. सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. तिनं मोबाइलही काढून घेतला, आवाज बंद केला, आपल्या पर्समध्ये टाकला आणि मागच्या बाजूला पुऱ्या लाटायला निघून गेली. मी तिला दोष देत नाही. जे यंत्र रोज रात्री खोटं बोलतं त्याच्यावर दिवसा कोण विश्वास ठेवणार?

पण ती जायच्या आधी मी एक घोडचूक करून बसलो होतो. पंगतीची व्यवस्था बघणाऱ्या मंडळाच्या सचिवांना मी विचारलं, "किती वेळ आहे?" ते म्हणाले, "फक्त पाच मिनिटं. पानं वाढूनच राहिलो." पुरी, बुंदी, वरण-भात, सगळ्याचा अंदाज घेऊन मी तिच्या हातातल्या पिशवीतून पेन काढलं, तिथंच खांबाआड इन्सुलिन टोचून घेतलं आणि पेन परत पिशवीत टाकलं. जन्म या मुलखात गेलेल्या माणसानं पाच मिनिटांवर भरवसा ठेवला, याला काय म्हणायचं! मग आरती सुरू झाली. एक झाली, दुसरी झाली. पाहुणे उशिरा आले म्हणून पहिली पुन्हा झाली. मग पाहुणे दोन शब्द बोलले. ते दोन शब्द पाऊण तास चालले. त्यानंतर ढोल आणि झांजा सुरू झाल्या.

हात थरथरायला लागले तेव्हा मला कळलं, पोटात अन्न नाही आणि इन्सुलिन शुगर खाली ओढतंय. बाहेर पडावं म्हटलं तर मागे भिंतीसारखी गर्दी. घामाच्या धारा लागल्या, जीभ जड झाली, समोरचे दिवे एकाचे चार दिसायला लागले. मी झोकांड्या खाऊ लागलो आणि ढोलवाल्यांनी मला पाहून आणखी जोर लावला. कुणी तरी किंचाळलं, "देवी आली वं माय! भाऊजीच्या अंगात देवी आली!" झालं! माझ्या कपाळभर कुंकू, गळ्यात हार, हातात कडुनिंबाचा डहाळा. बाया पाया पडायला लागल्या. मला काहीच नीट आठवत नाही, पण सांगतात की मी घोगऱ्या आवाजात "प्रेशर उतरून राहिलं... खाली जाऊन राहिलं..." असं म्हणत होतो. सचिवांनी हात जोडून विचारलं, "आई, पाण्याच्या टाकीबद्दल बोलून राहिली काय?" आमच्या खालच्या मजल्यावरचे काका तर साष्टांग पडले आणि मुलाचं लग्न कधी जमेल ते विचारू लागले. मी म्हणालो, "गूळ." एवढं मात्र मला आठवतं. देह गूळ मागत होता. मी पुन्हा म्हणालो, "गूळ द्या." काकांनी त्याचा अर्थ या वर्षीच जमतंय असा घेतला.

गूळ समोरच होता. देवीपुढच्या ताटात मोठा खडा ठेवलेला. पण पुजारी आडवे झाले. "नैवेद्य दाखवायचा आहे अजून. त्याले हात लावू नका." लिंबू आणा, धूप आणा, अशी धावपळ सुरू झाली. आणि तेव्हा गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. हिरवं लुगडं, हाडकुळे हात, आवाज असा की ढोल थांबले. "काहून गा पुजारीबुवा, देवी सोता तोंडानं मागून राहिली अन् तू तिच्यासाठीच ठेवलेला गूळ तिलेच नाही म्हणतं? मागणारी ते, देणारी ते, मंधात तू कोन?" पुजारी बाजूला सरकले. तिनं खडा उचलला, दगडावर ठेचला आणि माझ्या तोंडात चिमटी चिमटीनं कोंबत राहिली. "चाव. गिळ. आणखी घे." वर नारळाचं पाणी पाजलं. मी लेकरासारखा खात होतो आणि लोक देवीच्या नावानं जयजयकार करत होते.

दहा-पंधरा मिनिटांत दिवे पुन्हा एकाचा एक दिसू लागले. तोवर सुनंदा पिठाच्या हातांनी धावत आली होती. तिनं मोबाइल काढला. तो बिचारा पर्समध्ये मुक्यानं कधीचा बोंबलत होता. तिनं बोटाला टोचून पाहिलं, शुगर वर येत होती. ती मटकन खाली बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी लोकांना सांगायला गेलो, "अहो, देवी नाही, शुगर..." पण ऐकतं कोण? म्हातारीनं माझा दंड धरून खांबाशी बसवलं, आपली मांडी पुढे केली आणि माझं डोकं त्यावर दाबलं. "झोप गा पोरा." मी म्हटलं, "नाही, मला झोपून चालत नाही. माझी शुगर..." ती म्हणाली, "झोप म्हटलं ना तुले. मी आहो ना जागी." त्या चार शब्दांत काय होतं कोण जाणे. ढोल पुन्हा वाजायला लागले होते, पंगती उठत होत्या, बुंदीवाले ओरडत होते, आणि मी बावन्न वर्षांचा बाप्या परक्या बाईच्या मांडीवर गाढ झोपलो.

डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती. म्हातारी कडुनिंबाच्या डहाळ्यानं माझ्यावरच्या माश्या वारत होती. एक हात माझ्या कपाळावर. पलीकडे सुनंदा खांबाला टेकून, तोंड उघडं टाकून झोपलेली, मांडीत पर्स, बोटांना वाळलेलं पीठ. मी सवयीनं बोललो, "ही अशीच. कुठंही झोपते."

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला अंगावरची चादर ओढून घ्यावीशी वाटली. पण चादर नव्हतीच. "झोपते? आता कुठी झोपली ते. मले सांगत होती मघाशी. दोन सालं झाले, तुया श्वास आयकत पडून राहते रातभर. अन् तू उठला की डोये मिटून घेते, तुले वाटू नये का आपल्यापायी बायको जागते म्हनून."

त्या सकाळचं माझंच बोलणं कानात वाजलं, चहाच्या वेळीच कळन म्हणून. मी काटे वाचणारा माणूस, आणि शेजारच्या खाटेवरचं मला दोन वर्षं वाचता आलं नाही. मी सरळ रडलो. म्हातारीनं रडू दिलं. मग माझ्या दंडावरच्या सेन्सरला बोट लावून विचारलं, "हे काय होय?" मी नाक पुसत सगळं सांगितलं: हे कसं दाबलं जातं, कसं खोटं ओरडतं, मी कसा कंगवा शिवला. ती ऐकून म्हणाली, "मंग दुसऱ्या हाताले लाव ना गा!"

मी म्हटलं, "उजव्या हातानं मला डाव्याच दंडावर लावता येतं."

"अन् हे कायले आहे?" तिनं झोपलेल्या सुनंदाकडे बोट दाखवलं.

तेहेतीस वर्षांत मी माझी एक सुई कुणाला टोचू दिली नव्हती. माझा आजार, माझा हात, माझी काळजी. डॉक्टर कुशी बदला म्हणाले, मी कुशी बदलायला निघालो. दंड बदलायचं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण त्यासाठी दुसऱ्याच्या हाती दंड द्यावा लागला असता. तेवढ्यात म्हातारी उठली, गुडघे दाबले आणि म्हणाली, "पंगत झाली काय सारी? भूक लागली मले." सचिव स्वतः तिला पानावर घेऊन गेले. तिनं बुंदी दोनदा मागून घेतली, एवढं सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही लुगडं घेऊन तिला शोधलं. कुणी म्हणे कामठीच्या ऑटोत बसली, कुणी म्हणे पायीच गेली. नाव कुणालाच ठाऊक नाही. ते लुगडं सुनंदानं देवीला नेसवलं, आणि मी या वेळी घड्याळाकडे न बघता आरती केली. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या मुलाचं लग्नही जमलं. त्याचे पेढे ते मला पाया पडून देतात. मी किती सांगू?

आता दर पंधरवड्याला सुनंदा माझ्या उजव्या दंडावर सेन्सर लावते. लावताना स्वतःच "आई गं" म्हणते. यंत्र खोटं ओरडायचं थांबलंय, माझी खुर्ची मला परत मिळाली. शरण जाणं म्हणजे फार मोठं काही असेल असं मला वाटायचं. माझ्या वाट्याला ते एक बाही वर करण्यापुरतं आलं, आणि तेही मला जड गेलं. रात्री दिवा मालवला की सुनंदा म्हणते, "झोपा. मी आहो ना जागी." पण बरेचदा तिचं वाक्य अर्ध्यातच थांबतं आणि ती घोरायला लागते. मी ऐकतो, हसतो आणि डाव्या कुशीवर वळतो. मग आम्ही दोघंही झोपलेले असतो. तेव्हा जागं कोण असतं, याचं रीडिंग माझ्याकडे नाही.