तीन स्वेटरांची तब्येत

आमच्या घरात कोणी आजारी पडत नसे. फक्त वाळत असे. गाल भरलेले म्हणजे तब्येत, गाल बसलेले म्हणजे संपलं, हे आईचं वैद्यकशास्त्र. बाबांचं त्याहून सोपं. ड्यूटीवर गेला तो धडधाकट, नाही गेला तो गेलाच! (मधली अवस्था त्यांना मान्य नव्हती.)

मी कारखान्यात रोज जायचो, पण गाल नव्हते. अन् पासष्टच्या लढाईच्या दिवसांत सिहोऱ्याचे एक मास्तर आपल्या मुलीसाठी मला पाहायला येणार होते. मुलीचा फोटो मी आधीच पाहिला होता आणि पार विरघळलो होतो. मास्तरांची अट एकच: पोरगा तब्येतीचा पाहिजे.

"कसं होईल बाप्पा! शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसून राहिला," आई हळहळली. मोहल्ल्यातल्या बायका तेव्हा जवानांसाठी स्वेटर विणायच्या आणि गठ्ठा आमच्या घरी ठेवायच्या. आईने त्यातले तीन उपसले.

"आई, सप्टेंबर आहे!"

"चूप बस. लग्न करायचं आहे की नाही?"

करायचं होतं! घातले. वरून बाबांचा शर्ट. आरशात पहिलवान उभा होता, फक्त मान दुसऱ्या कोणाची तरी वाटत होती.

"वा! भरलेला आहे पोरगा," मास्तर येताच म्हणाले. पण ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, वाऱ्याचं नाव नाही, त्यात गरम आलूबोंडे. माझ्या तोंडावरून घामाच्या धारा लागल्या.

"काहून जी, ताप आहे काय याला?"

"छे हो! तब्येतीचं तेज आहे ते," आई म्हणाली.

तेवढ्यात भोंगा वाजला.

"हमला!" मी बोंबललो, उठलो, तुळशीवृंदावनावरून उडी मारली आणि अंगणात खणलेल्या खंदकात थेट डोक्यावर पडलो. बाकी सगळे जागच्या जागी बसलेले. कारण तो आमच्याच कारखान्याचा, पाळी सुटल्याचा भोंगा होता!

"ड्यूटीची ओढ," बाबा सावरून म्हणाले. "भोंगा वाजला की राहवत नाही त्याला."

"अच्छा! ड्यूटी खड्ड्यात आहे काय?"

मास्तरांनी अंगणात येऊन मला बाहीला धरून वर ओढलं. शर्ट फाटला. पहिला स्वेटर दिसला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा.

"अन् हे काय?"

"जवानांचे आहेत जी," आई म्हणाली. "माप पाहून राहिलो होतो."

"तिन्ही एकदम?"

आईजवळचं खोटं संपलं. मला तर रडूच येत होतं. फोटोतली ती आता दुसऱ्या कोणाची होणार!

मास्तरांनी एकदा तुळशीकडे पाहिलं, एकदा खंदकाकडे. "तीन स्वेटर घालून एवढी उडी? माझ्यानं तर नुसत्या धोतरात होणार नाही. चलो, पोरगा तब्येतीचा आहे!"

लग्न झालं. बायको मात्र आजही येईल त्याला सांगते, "बाबांना यांची तब्येत दिसली. उडी कशानं मारली, ते मला लग्नानंतर समजलं."

काहीतरीच! आता मी अजिबात घाबरत नाही. कुकरची शिट्टी झाली की अंगणात जातो, ते मोकळ्या हवेसाठी.