मुलुंडच्या मालधक्क्यावर कोण रडत होतं?

भांडण मिटवायला कुणी मुलुंडला जातं का? आम्ही गेलो.

मी चारकोपची, ताई घाटकोपरची. लहानपणी आम्ही मुलुंडला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो. आमचे वडील, अण्णा, मालधक्क्यावर कारकून होते. एके दुपारी आम्ही रिकाम्या मालडब्यात खेळत असताना डबा हलला आणि एक बहीण उडी मारून उतरली. आत राहिले ती मी. धक्क्यावर रडणारी ताई लहान लहान होत गेलेली मला अजून दिसते. ताई मात्र शपथेवर सांगते, आत ती होती. मध्यंतरी एका साखरपुड्यात सगळ्यांसमोर म्हणाली, "तू मला सोडून पळालीस." मग महिनाभर अबोला. शेवटी मीच फोन केला, "चल, जागेवर जाऊन बघू."

चारकोपहून निघणाऱ्यांसाठी: मेट्रोने अंधेरी पश्चिम, पुलावरून डी. एन. नगर, तिथून घाटकोपर. सकाळी लवकर निघालात तर बसायला मिळतं. ताईला घेऊन पुढे रिक्षा केली. एलबीएस रोड खोदलेला, म्हणून भाडं आणि वेळ दोन्ही दुप्पट धरा. रिक्षात ताई एवढंच बोलली, "पाणी आणलंयस ना?"

मुलुंडला उतरलो आणि वाट लागली. मी पश्चिमेला वळले, ताई पूर्वेला.

"अगं, धक्का इकडे होता."

"वेडी आहेस का? सिग्नलच्या पलीकडे होता. खांबावरचा लाकडी हात खाली पडला की गाडी थांबायची, तो सिग्नल."

"पडला की सुटायची, ताई!"

आता ना तो लाकडी हात, ना तो खांब. जिथे धक्का असावा तिथे भिंत, मागे टॉवर. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "कौनसा यार्ड, मॅडम?" दोन फेऱ्या मारल्यावर मलाच माझी खात्री राहिली नाही. उन्हात पाय दुखायला लागले. इडली खाल्ली (चटणी झकास), तेव्हा ताईला क्वार्टर्समधल्या शेजारच्या कमलमावशी आठवल्या. त्या अजून मुलुंडलाच, मुलाकडे; तिथे गेलो.

मावशींनी दोघींचं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"कोण खय उतरला? तुमी दोघीय डब्यातच होतात गो! डबो यार्डाच्या टोकाक जाऊन परत इलो."

"मग रडत कोण होतं?" ताईने विचारलं.

"तुमचो बापूस. धक्क्यार. लहान पोरासारखो."

परतताना रिक्षात ताईने माझा हात धरला होता. वळणावर तोल सांभाळायला की उगीच, कळलं नाही.

घरी येऊन रात्री डोळे मिटून पुन्हा पुन्हा बघते. धक्क्यावर अण्णांना उभं करते, पण चेहरा रडका होतच नाही. आई गेली तेव्हाही ते कोरडे होते. मावशींचं वय झालंय, त्यांचीही गल्लत झाली असेल. मग मला डब्यात ताई का दिसत नाही? अंधार होता म्हणून?

इतक्यात ताईचाच फोन.

"अण्णा रडले असतील गं?"

"माहीत नाही."

"मला कधीच वाटलं नाही, ते आपल्यासाठी..."

फोन बराच वेळ कुणीच ठेवला नाही.