पुस्तकं कुणी निवडायची

मॅडमनी प्रज्ञाच्या हातातलं जाडं पुस्तक काढून घेतलं आणि फडक्याने पुसलं. पुढून, मागून, मग कडा. मग ढिगात परत ठेवलं.

"धूळ फार आहे इथे," म्हणाल्या.

धूळ होती. दादरच्या त्या हॉलचं दार थेट रस्त्यावर उघडतं. पण रांगेत आमच्या पुढे असलेल्या मुलाने हेच पुस्तक हाताळलं होतं. तेव्हा फडकं टेबलावर घडी घालून पडलं होतं.

पुस्तक प्रदर्शन होतं. जीवशास्त्राच्या टेबलामागे या निवृत्त प्राध्यापिका बसल्या होत्या. वर पाटी : पुस्तक निवडायला मदत हवी? विचारा. माझी मुलगी प्रज्ञा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला इकॉलॉजीची, निसर्गाची चांगली पुस्तकं हवी होती. म्हणून विचारायला आलो. रांगेत थांबलो.

आधीच्या मुलाला त्यांनी विचारलं, "तुला काय आवडतं रे? पक्षी, कीटक, समुद्र?" तो सांगत होता, त्या एकेक पुस्तक उघडून दाखवत होत्या.

प्रज्ञाला विचारलं, "राहता कुठे?"

"डिलाईल रोड."

"आडनाव?"

तिने सांगितलं.

"हां."

तो 'हां' मी ओळखते. आयुष्यभर ऐकलाय. त्यात शिवी नसते, त्यामुळे तक्रारही करता येत नाही.

मग त्या माझ्याशी बोलू लागल्या. प्रज्ञा जणू तिथे नव्हतीच. "हे बघा, इकॉलॉजी हा आवडीचा विषय आहे. घरात तसं वातावरण लागतं. वडील दुर्बीण घेऊन मुलांना रानात फिरवतात, ते संस्कार वेगळे. हिला झेपणार नाही. हे घ्या." एक गाईड होतं. प्रश्न आणि उत्तरं. "पास होईल. मग लॅब टेक्निशियनचा कोर्स करू दे. हिच्या भल्याचंच सांगते."

मी लॅब टेक्निशियन आहे. परळच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासते. काम चांगलं आहे, मी त्यात पक्की आहे. पण बारावीनंतर मला वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. कॉलेजातल्या सरांनी बाबांना बोलावून समजावलं, हिला झेपणार नाही, कोर्स करू दे, भल्याचंच सांगतो. बाबा गिरणीतले. सरांनी बसायला सांगितलं, चहा दिला, त्यातच ते भरून पावले. मीही. इतकी वर्षं मी त्या सरांचे उपकार मानत आले. चौदा एप्रिलच्या जयंतीला कुणी शिक्षणावर दोन शब्द बोलायला उभं केलं, की त्यांचं नाव घ्यायचे.

तेच वाक्य. शब्दसुद्धा तेच. आता माझ्या मुलीला.

त्या टेबलापाशी मला कळलं. उपकार नव्हतेच ते. मला बाजूला काढलं होतं, आणि मी वाकून नमस्कार केला होता.

मी गाईड ठेवून दिलं. ते जाडं पुस्तक ढिगातून उचलून प्रज्ञाच्या हातात दिलं. खुर्ची ओढली.

"बस. तुझी तू निवड."

"आई, चल ना," ती पुटपुटली. "या आमच्या कॉलेजला अजून कधीमधी शिकवायला येतात. फिल्ड कॅम्पची मुलं याच निवडतात."

हे मला माहीत नव्हतं. खाडीवरचा तो कॅम्प म्हणजे तिचं सगळं वर्ष होतं. पण आत्ता उठलो असतो, तर उद्या तीही कुणाचे तरी उपकार मानत बसली असती.

"बस," मी म्हटलं.

"मागे लोक थांबलेत," मॅडम म्हणाल्या.

"आम्हीही थांबलो होतो, मॅडम."

रांगेतला एक जण बोलला, "ताई, लायब्ररी नाहीये ही."

"नाहीच. लायब्ररीत गप्प बसावं लागतं."

कुणीतरी हसलं. मॅडम नाही.

प्रज्ञा बसली. आधी नुसती मुखपृष्ठंच बघत राहिली. पण पानं उलटता उलटता ती सावरली. वाघाचं मोठं गुळगुळीत पुस्तक बाजूला केलं, नुसते फोटो. मॅडमनी पुसलेलं जाडं पुस्तकही नाकारलं, सगळी उदाहरणं बर्फाळ जंगलांतली. प्रत्येक पुस्तक ती आधी मागून उघडायची, सूची बघायची. आमच्या चाळीमागे बंद गिरणीच्या आवारात झाडांना वटवाघळं लटकतात. लहानपणापासून ती गॅलरीतून त्यांना बघते. शहरातल्या जनावरांबद्दल कुणी काही लिहिलंय का, ते शोधत होती. शेवटी दोन ठेवली. एकात रानात प्राणी मोजायचे कसे ते होतं. दुसऱ्यात खाडीच्या चिखलातले जीव, हाताने काढलेल्या चित्रांसकट.

"फोटोपेक्षा चित्रावरून नीट ओळखता येतं," ती मला म्हणाली. मॅडमकडे बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात कॅम्पची नावं लागली. तिचं नाही. तिच्याहून कमी मार्कांची मुलं आहेत. मॅडम वर्गात म्हणाल्या, "काहींच्या घरच्यांना बोलायची रीत नसते."

घरी येऊन प्रज्ञा म्हणाली, "तुझ्यामुळे गेला कॅम्प."

"हो. माझ्यामुळे."

"तुझं काय जातंय? तिथे रोज तोंड मला दाखवायचंय."

खरं होतं. मी समजूत घातली नाही. त्यानंतर आम्ही ताट वाढण्यापुरतंच बोलत होतो.

आज सकाळी डबा भरताना तिने विचारलं, "निवडायचा निकष काय होता, हे विचारता येतं का गं?"

"येतं. लेखी विचारायचं. उत्तरही लेखी मागायचं."

"आणि मग वर्षभर त्रास दिला तर?"

"देतील."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मी बोलीन. तू नको."

उद्या मी हाफ डे टाकलाय. आम्ही प्राचार्यांकडे जातोय. भांडायला नाही, माफी मागायला तर नाहीच. का घेतलं नाही, ते सांगा, एवढंच. नाही सांगितलं तर विद्यापीठात जाऊ. तोवर कॅम्प होऊन गेलेला असेल, हे दोघींनाही माहीत आहे. पण भल्यासाठी म्हणून आता आमच्या घरात कुणी काही ठरवून द्यायचं नाही. दिलं तर घ्यायचं नाही. आणि आभार तर अजिबात मानायचे नाहीत.