नऊ जण, तीन तंबू आणि तळ्याच्या मातीचा गणपती

माघी गणपतींची शेवटची मूर्ती कारखान्यातून बाहेर पडली आणि भाऊंनी जाहीर केलं की यंदा हॉटेलात जेवण नाही, यंदा तंबू. भाऊ म्हणजे आमचे मालक. पेणला त्यांचा गणपतींचा कारखाना आहे आणि मी तिथे चौदा वर्षं ऑर्डरींचे फोन घेते, पॅकिंग बघते. दर वर्षी माघी उरकली की भाऊ आम्हा सगळ्यांना जेवायला नेतात, पनीर-बिनीर खाऊन आम्ही दहाच्या आत घरी. या वेळी त्यांच्या भाच्याने मोबाइलवर रोह्याकडच्या एका तळ्याकाठचे तंबू दाखवले. भाऊंच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायच्या भानगडीत आमच्यापैकी कोणी पडत नाही.

मला तंबूचं आकर्षण नाही. जमिनीवर झोपायला पेणमध्येही जागा आहे. तरी गेले, त्याला कारण सुनंदाताई.

सुनंदाताई आमच्या आखणीवाल्या. मूर्तीचे डोळे काढणं म्हणजे आखणी, आणि आमच्याकडे एकतीस वर्षं ती त्याच करतात. जानेवारीत एक दीड फुटी मूर्ती कागदात गुंडाळताना मला तिच्या उजव्या पापणीची रेघ दुहेरी दिसली. कानाचा टवका उडालाय असं सांगून मी ती बाजूला ठेवली. त्या आठवड्यात अशा तीन निघाल्या. तिसरीची रेघ ओल्या फडक्याने पुसत होते, तेव्हा ताईंनी मला पकडलं.

"हात थरथरतो गो," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनी गोळ्या दिल्यात. पण रेघेचा भरवसा नाय आता. सहलीवरनं येईपर्यंत कोणाला बोलू नको. मग मीच काय ते सांगते."

सहलीनंतरच्या सोमवारी पहिला नग बसायचा होता. पहिला नग म्हणजे वर्षाच्या नव्या साच्यातली पहिली मूर्ती. तिच्या डोळ्यांवरून मग वर्षभर बाकीचे डोळे निघतात. तिच्यासमोरचा पाट ताईंचा. तो गेला तर कारखान्यात त्यांच्यासाठी मुकुटाला खडे चिकटवण्याचं काम उरतं. एकतीस वर्षं डोळे काढल्यावर खडे चिकटवत बसायचं! म्हणून म्हटलं, जाऊ या, निदान त्यांच्या शेजारी तरी झोपू.

शनिवारी सकाळी आठला निघालो. एक ईको आणि मागे आमचा मूर्ती पोचवायचा टेम्पो, त्यात सामान. सामान मी बांधलं होतं, म्हणजे भाताच्या पेंढ्यात आणि कागदाच्या बोळ्यांत. साठ अंडी नेली, एक फुटलं नाही. मूर्तीच्या खोक्यावर 'बैठी, एक फूट' असं लिहिलेलं होतं, ते तसंच राहिलं. वडखळपर्यंत गर्दी असतेच, ती धरून चाला. गडबला रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेतला. चहा बरा, वडापाव त्याहून बरा. चहाचा ग्लास ताईंनी डाव्या हाताने घेतला, उजवा पदराखाली. हे माझ्याखेरीज कोणी पाहिलं नाही असं मला वाटलं.

वैशाली शेजारीच उभी होती. वैशाली चोवीस वर्षांची, मूर्तींचे सोनेरी काठ आणि मुकुट रंगवते. चार वर्षं ती आखणी शिकवा म्हणून ताईंच्या मागे आहे आणि चार वर्षं ताई तिला एकच उत्तर देतात.

"ताई, सोमवारी पहिल्या नगाला मी नुसती शेजारी बसू? हात नाय लावणार."

"तुझा हात घाईचा हाय," ताई म्हणाल्या. "आधी चहा पी, थंड झाला."

नागोठण्यावरून आम्ही रोह्याचा आतला रस्ता धरला. वळणं आहेत, पण झाडी आहे आणि ट्रक कमी. गाडी नसेल तर पेणहून रोह्याची पॅसेंजर पकडा. मधलं निडी स्टेशन इतकं निवांत आहे की उतरून परत चढावंसं वाटतं. रोह्याच्या बाजारात वालाच्या शेंगा आणि दोन मडकी घेतली. पुढे धाटावला पहिली शिफ्ट चालू होती, त्यामुळे रस्ता मोकळा मिळाला. शिफ्ट सुटायच्या वेळेला तिथून जाऊ नका, कंपन्यांच्या बस आणि दुचाक्या यांच्यात अडकाल. केमिकलचा वास दोन-तीन किलोमीटर साथ देतो. मग डावीकडे कच्चा रस्ता लागतो आणि वास संपतो.

तळं म्हणजे एक छोटं धरण आहे. तीन बाजूंनी ऐन आणि किंजळीची झाडं, चौथ्या बाजूला बांध. फेब्रुवारीत पाणी चांगलंच मागे हटलेलं असतं. तंबू तिघांना पुरतील एवढे, संडास मागे पन्नास पावलांवर, पाणी बादलीने आणायचं. मोबाइलला रेंज बांधावर उभं राहिलं तर येते, तीही उजव्या टोकाला. माणशी बाराशेत दोन जेवणं, नाश्ता आणि तंबू. आरशाची सवय असेल तर घरून आणा.

कॅम्प चालवतात नामदेव आणि मंदाताई हे नवराबायको. नामदेव आठवडाभर धाटावला कंपनीत शिफ्ट करतो, शनिवार-रविवार इथे.

"तंबू तुमचे तुम्ही लावायचे," तो म्हणाला. "त्यातच मजा हाय."

मजा आमच्या दिलीपला आली. दिलीप साचे करतो. त्याने तंबूच्या काठ्या हातात घेतल्या, वाकवून पाहिल्या, शिवण पाहिली आणि निकाल दिला की हा सांगाडा पहिल्या वाऱ्याला बसेल. मग सुतळीने त्याने तिन्ही तंबू असे जखडले, की दुसऱ्या दिवशी सोडवताना नामदेवला कोयता आणावा लागला.

जेवून दुपारी लवंडायचं ठरलं होतं. दिलीप पाण्याकडे गेला आणि ओंजळभर चिखल घेऊन आला. बोटांत चोळला, वास घेतला, वळी करून वाकवली. वळीला चीर गेली नाही.

"भाऊ, ही बघा. शाडूच्या तोंडात मारेल."

त्यानंतर सुट्टी संपली म्हणायला हरकत नाही. अर्ध्या तासात मी आणि ताई सोडून बाकी सातांचे हात कोपरापर्यंत मातीत. भाऊ पहिल्यांदा ओरडले, "अरे, दोन दिवस माती बघायला नको म्हणून आणलंय ना तुम्हाला!" आणि दहा मिनिटांनी "सोंड अशी नाही रे" म्हणत स्वतःच सोंड वळवायला बसले. माणसं महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी खातात. आम्ही तळ्यावर जाऊन हातभर उंचीचा गणपती केला. मी फक्त पाणी आणून देत होते, कारण मला यातलं काही येत नाही आणि येत नसल्याचं वाईटही वाटत नाही.

चारच्या सुमाराला मूर्ती उभी राहिली. फक्त डोळे राहिले. सगळे आपोआप बाजूला सरकले आणि ताईंकडे बघायला लागले. वैशालीने एक काडी दाताने चावून कुंचल्यासारखी करून पुढे धरली. ताईंचा उजवा हात पदराखालीच होता. काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी असं मला वाटलं, पण सुचेना.

वाचवलं नामदेवने. तो धावत आला.

"ओ ताई, डोळे नका काढू! डोळे काढले म्हंजे द्येव झाला. तुम्ही जाल उद्या पेणला. रोज अगरबत्ती मला लावायला लागंल. मग कोणतरी चौथरा बांधंल, मग पत्रा टाकंल. माझे तंबू जातील इथनं."

"खरं हाय," ताई लगेच म्हणाल्या. "डोळे काढले की पाण्यात पोचवायला लागतं. राहू दे तशीच."

ते खरंच आहे. आमच्यात डोळे निघेपर्यंत मूर्ती म्हणजे माल. आम्ही तिला आडवी करतो, काखेत मारतो, तिच्या शेजारी डबा खातो. कारखान्यात मूर्तीला कोणी हात जोडत नाही. जोडत बसलो तर एक ऑर्डर वेळेवर जायची नाही. दिलीपने मूर्ती उचलली आणि ऐनाखाली सावलीत नेऊन ठेवली. वैशाली काडी हातात घेऊन उभी होती ती उभीच.

संध्याकाळी पोपटी. ज्यांनी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी: मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मसाला लावलेलं चिकन, अंडी, वरून परत पाला. पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही. मडकं उपडं करून भोवती जाळ. शाकाहारी लोकांचं मडकं वेगळं. मंदाताईंनी मडक्यावर पाणी शिंपडलं, ते क्षणात चुरचुरून उडालं तेव्हा म्हणाल्या, "झाली, काढा." शेंगांना पाल्याचा वास लागलेला असतो, तो बोटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. ताईंनी शेंगा डाव्या हाताने सोलल्या. वैशाली त्यांच्या समोर बसली होती. तिने न विचारता चार शेंगा सोलल्या आणि त्यांच्या पानात टाकल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गडबच्या टपरीवर मी एकटीच बघत नव्हते.

रविवारी उजाडता उजाडता मी बादली घेऊन निघाले. शेजारचं ताईंचं अंथरूण रिकामं होतं. ऐनाखाली ताई बसलेल्या, त्यांच्यापुढे वैशाली, आणि वैशालीपुढे मूर्ती. करवंटीत मडक्याची काजळी तेलात कालवलेली, दुसऱ्या करवंटीत राख. दोघींचं बोलणं झालेलं दिसत होतं, कारण ताईंचा उजवा हात मांडीवर उघडा होता आणि थरथरत होता. मी झाडाआड थांबले. चोरून ऐकणं वाईट, हे मला माहीत आहे.

"कोपर बरगडीला लाव. श्वास सोडून झाला की मग रेघ. नाय, पुस. परत."

वैशालीने ओल्या अंगठ्याने डोळा पुसला.

"डोळ्यात नको बघू. मूर्ती तुझ्याकडं बघतच नाय. तुझ्या खांद्यावरनं मागं बघते. मागं कोणतरी पाटावर बसलंय, घरातलं, हात जोडून, असं धरायचं. त्याच्यापर्यंत नजर पोचली पाहिजे. मी एकतीस वर्षं तसंच धरलं."

"मागं कोण बसलंय असं धरता तुम्ही?"

"कोणी नाय गो. मागं नुसती भिंत."

सहा वेळा पुसलं. सातव्या वेळी ताईंनी पुस म्हटलं नाही. माझी बादली रिकामीच राहिली.

चहाच्या वेळेला भाऊंना मूर्ती दिसली. ते कप घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसले, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले.

"काढलेच शेवटी," ते म्हणाले. "राखेने आणि काजळीने! ताई, एकतीस वर्षांत हात बदलला नाही तुमचा."

ताई गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. भाऊ खूश होते, सोमवार पुढे ढकलता आला असता, आणि मी तर गप्प राहायला बांधलेलीच होते. खरं सांगते, मला वाटलं त्यांनी गप्प राहावं.

"माझे नायत ते," ताई म्हणाल्या. "वैशालीचे हायत. माझा हात गेला, भाऊ." आणि त्यांनी हात पुढे करून दाखवला.

भाऊंनी कप खाली ठेवला. भाऊ हाताकडे बघत होते, मग मूर्तीकडे, मग परत हाताकडे.

"मग सोमवारी पहिला नग?"

"वैशाली बसेल. मी तिच्या मागं बसेन."

भाऊंनी नाक पुसलं. "मागे बसायला खुर्ची लागेल का?"

"पाटच पुरं."

डोळे निघाल्यामुळे आता विसर्जन आलं. नामदेवने कपाळाला हात लावला, पण नारळ त्यानेच आणला. ऐन फेब्रुवारीत आम्ही गुडघाभर पाण्यात शिरलो. 'पुढच्या वर्षी लवकर या' झाल्यावर नामदेव काठावरून ओरडला, "पुढल्या वर्षी इथं नको, पेणला!" माती तळ्याचीच, त्यामुळे विरघळायला वेळ लागला नाही. कोयत्याने सुतळ्या कापून बाराला निघालो, तीनला पेण.

जावं की नाही, असं विचाराल तर थंडी असेपर्यंत जा. पाठ दुखते, संडास लांब आहे, पोपटी उत्तम. मी परत जाईन असं वाटत नाही.

सोमवारी दहाला पहिला नग बसला. पुढे वैशाली, तिच्या मागे चार हातांवर दुसरा पाट मी मांडला, अगदी भिंतीला टेकून. ताई येऊन बसल्या. वैशालीने श्वास सोडला आणि रेघ ओढली.

"वर जाते नजर," ताई मागून म्हणाल्या. "पुस."

परत काढली.

"अजून माझ्यापर्यंत येत नाय. खाली."

तिसऱ्यांदा काढून वैशाली बाजूला सरकली. भाऊंनी दारातून विचारलं, "काय ताई, बघतोय का?"

ताईंनी हात जोडले. चौदा वर्षांत कारखान्यातल्या मूर्तीला कोणी हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. उजवा हात डाव्याला धरून थरथरत होता, आणि त्यांनी तो पदराखाली नेला नाही.