सरांच्या फोनवर भांग

मंडळी, इथले बरेच जण मोबाइलचं प्रोग्रॅमिंग नुकतंच शिकतायत, म्हणून आज क्लासमध्ये झालं ते सांगते.

आमचा बेसिक कोर्स संपला. पुढे काय करायचं, असं विचारलं की सर एकच सांगतात, "ॲडव्हान्स कोर्स." मला सरांना स्वतःला किती येतं याचीच शंका येते. आजवर सगळं आम्ही कॉम्प्युटरवरच्या मोबाइलच्या चित्रात चालवलं, खऱ्या फोनवर एकदाही नाही.

म्हणून आज माझं ॲप्लिकेशन ब्लूटूथने सरांच्याच फोनवर पाठवलं. अब्बांची होडी आहे, त्यांच्यासाठी भरती-ओहोटीचं बनवलंय. फोनने लगेच विचारलं, हे भरवशाचं नाही, तरी घ्यायचं का? सरांनी माझ्याकडे बघत 'हो' दाबलं.

स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत आलं, 'आज भांग'.

सर कोल्हापूरचे. आवाज खाली आणून म्हणाले, "घरात माहितीय काय हे?"

"सर, अष्टमीच्या सुमाराला भरतीला जोर नसतो, त्याला आम्ही भांग म्हणतो. पुनवेला उधाण."

"असेल," म्हणाले, पण पटलेलं दिसलं नाही. ते काढून टाकायला त्यांनी फोनमधलं ॲप्लिकेशनचं फोल्डर उघडलं. मी वाकून पाहिलं. आत माझं एकटंच होतं. शिकवणाऱ्याचं स्वतःचं एकही नाही.

आता संध्याकाळी अब्बांच्या फोनवर टाकते, ॲडव्हान्सचं मग बघू.

तुमच्या सरांच्या फोनमध्ये काय आहे, कधी बघितलंय?