फाटकावरच्या दोन केळी

वादळाने जेवढी बाग शिल्लक ठेवली होती, तेवढी मी संपवली.

साठ सालच्या सुमारास माझी मद्रासला बदली झाली. तंजावरी मराठी सेतुमाधवरावांनी अड्यारच्या त्यांच्या जुन्या बंगल्यातल्या दोन खोल्या आम्हाला दिल्या, त्या एकाच अटीवर: पणजोबांची बाग सांभाळायची. ते स्वतः तंजावरला. वादळानंतर त्यांचं कार्ड आलं, ‘रविवारी येतों. बाग नीट नसेल तर खोल्या सोडा.’

चार दिवस मी ऑफिसातून येऊन फांद्या ओढल्या. पाठ गेली, पण बाग बागेसारखी दिसेना! रविवारी सकाळी, रडू यायचंच बाकी असताना, घडासकट आडव्या झालेल्या दोन केळी दिसल्या. निदान फाटक तरी भरलेलं दिसावं म्हणून त्या दोन्ही खांबांना काथ्याने आवळून उभ्या केल्या. (सत्यनारायणाच्या चौरंगाला खुंट बांधायचा दांडगा अनुभव!)

“अहो, छान दिसतंय की!” बायको म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. माझ्या कामाबद्दल हे प्रथमच.

अर्ध्या तासात शेजारीण गजरे घेऊन हजर. मागून तिची जाऊ, मग सगळी गल्ली! फाटकाला घडासकट केळी म्हणजे घरात लग्न, हे मद्रासच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, मला नव्हतं. लोक हसून तमिळमध्ये काही विचारत, मी थकून मान डोलावत होतो. नादस्वरमवाला मुहूर्त विचारायला आला, आणि त्याच्यामागे सेतुमाधवराव.

“माझ्या घरांत लग्न-कल्याण, आणि मलाच खबर नाहीं? कोणाचं?”

“कुणाचंच नाही हो! मी बाग नीट करत होतो!”

त्यांनी बाग पाहिली, माणसं पाहिली. “दाराला केळ बांधून लोकांस उपाशी धाडायचं? पणजोबांची अब्रू जाईल! आले ते अस्के, सगळे, जेवूनच जातील. पानं कापा!”

भिंतीच्या आडोशाने वाचलेल्या केळी पानांसाठी गेल्या. शेवग्याच्या शेंगा आणि कढीपत्ता सांबारात गेला. बायको सांबार ढवळत माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती अजून आठवते. दुपारी बागेत फक्त बुंधे उरले. मी ट्रंका भरायला घेतल्या.

“राहा,” सेतुमाधवराव ढेकर देत म्हणाले. “जेवण बरं होतं.”

त्यानंतर दरवर्षी बंदरावर वादळाचा बावटा चढला की तंजावरहून कार्ड येई: ‘वाऱ्यास बागेंत काय करायचं तें करूं द्या. तुम्ही मात्र आंत बसा.’