उत्तमरावांचे पिवळे खांब

त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. बाकी सगळे त्यांना उत्तमराव म्हणत, कारण वनखात्याचे तपासनीस म्हणून ते दरवर्षी एकच शेरा मारत: 'जंगल उत्तम.' नियम असा, की पाच झाडांतलं एकच तोडायचं. तो पाळला जातो का, हे पाहायला रस्त्यालगत एक चौकोन आखलेला आणि चार कोपऱ्यांना चार पिवळेधमक खांब. आतली झाडं उत्तमराव इतक्या मायेने मोजत, की सख्ख्या मुलीला हेवा वाटावा. खांबांबाहेर मात्र पाऊल टाकायचं नाही. का, तर म्हणे मोजणी बिघडते!

यंदाच्या शेऱ्यावर ओढ्याकाठचा उतार अवलंबून होता. 'उत्तम' म्हटलं की तिथेही तोड सुरू, आणि त्याच ओढ्याचं पाणी गावाच्या नळाला. बायको हट्टाने सोबत आली. "एवढं काय बघता तिथे, मला तरी कळू दे!"

तेवढ्यात वाऱ्याने उत्तमरावांची टोपी उडवली, ती थेट खांबांपलीकडे. ते झुडपांतून टोपीमागे धावले. टोपी एका खुंटावर पडली होती. शेजारी दुसरा खुंट, तिसरा, नजर पोचेल तिथवर खुंटच खुंट. एकावर तोडकामाचा मुकादम निवांत चहा पीत बसलेला.

"साहेब, तुमच्या खांबांच्या आतलं पानसुद्धा कुणाला हलवू दिलं नाही मी," तो छाती फुगवून म्हणाला. "पिवळा खांब दिसला की आमची माणसं लांबूनच वळतात!"

उत्तमरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण काय राखलं, तर चार खांब! त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा 'भकास' असं लिहिलं. पण शेऱ्यावर वरच्या साहेबांची सही होईपर्यंत मुकादमाच्या कुऱ्हाडी थोड्याच थांबणार?

"तोंड पाडून बसू नका," बायको म्हणाली. "पिवळा रंग उरलाय ना?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी ओढ्याकाठच्या उतारावर खांब ठोकायचा सपाटाच लावला. मुकादम माणसं घेऊन आला आणि डोकं खाजवत परत गेला. उतार वाचला.

पण खांब तिथे मोजणी, हा खात्याचा नियम. आता उत्तमराव दरवर्षी अख्खा उतार मोजतात. गुडघे कुरकुरले की बायको म्हणते, "तेवढी टोपी घट्ट बसवली असतीत, तर आज घरी असता."

उत्तमराव टोपी तेवढी आणखी सैल करतात.